चोरीची बाबाई

ओनोतोआ, १४ फेब्रुवारी

बाउरो, मौरी!

तुझा फोन तीनदा येऊन गेला असं काउन्सिलच्या कचेरीतली पोरगी सांगत होती. मी मुद्दामच गेले नाही. त्या कचेरीत फोनवर बोलायचं म्हणजे बाकावर बसलेल्या दहा जणांना ऐकवत बोलायचं. संध्याकाळपर्यंत आपल्या घरची गोष्ट बेटाच्या दुसऱ्या टोकाला पोचलेली असते. त्यापेक्षा पत्र बरं. आठवड्याच्या विमानाने निघतं आणि मधे कुणी नाक खुपसत नाही.

तर ऐक. गेल्या मंगळवारी सकाळी मोठी भरती आली. दरवर्षी येते तशीच येईल म्हणून मी चुलीवर भात ठेवला होता. पाणी अंगणात आलं, मग चुलीपाशी आलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत पातेलं भातासकट तरंगत निघालं. मी कोंबड्या छपरावर चढवत होते, म्हणून त्याच्या मागे धावले नाही. पातेलं गेलं कुठे, तर थेट इताकाच्या अंगणात! दुपारी पाणी उतरल्यावर म्हाताऱ्याने ते घासून आपल्या कुंपणावर पालथं घालून ठेवलं. तोंडातून एक शब्द नाही. चाळीस वर्षं त्या घराशी आपलं बोलणं नाही, पण पातेलं घासून दिलं, हे मात्र मानायला हवं. भात कोणी खाल्ला ते विचारू नकोस.

बाबाईच्या खड्ड्याची काळजी करू नकोस. थोडं खारं पाणी शिरलं, एका पावसात धुऊन निघेल. तुझी नात वर्षाची होतेय, तिला ऑगस्टमध्ये इथे आणायचं म्हणजे आणायचं. गावच्या सभाघरात, मानेआबात, आपल्या घराच्या खांबापाशी सगळ्या गावासमोर आईच्या हातची शेवटची बाबाई मांडायची. पंधरा वर्षांचा कंद आहे, उचलायला दोन माणसं लागतील. पोरीला नाव आईचं दिलंत, तर तिच्या पहिल्या वाढदिवसाला आईचीच बाबाई हवी. त्याशिवाय मी पोरीचं तोंड बघणार नाही, असं समज.

तुझी ताई,
रोतिया

ऑकलंड, ६ मार्च

ताई, मौरी!

पातेल्याची गोष्ट मी इथे चौघांना सांगितली. चौघंही पोट धरून हसले, मग एकेक जण आपापल्या घरच्या भरतीचं सांगू लागला. परदेशात राहिलं की असं होतं.

आमच्या शेजारच्या बाई फार मायाळू आहेत. परवा केक घेऊन आल्या आणि आजारी माणसाची चौकशी करावी तशा हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचा देश बुडतोय ना हो?" मी म्हटलं, "अजून नाही. पण केक द्या." मग मी त्यांना आपल्या खड्ड्याबद्दल सांगत बसलो. वाळू खणत खणत खाली गोडं पाणी लागेपर्यंत जायचं, त्या चिखलात अळूसारखी बाबाई लावायची, माणसाच्या उंचीची पानं येतात आणि खाली मांडीएवढा कंद. बाई म्हणाल्या, "आणि समुद्र त्या पाण्यात शिरला तर?" मी म्हटलं, "आमच्या ताईच्या खड्ड्यात शिरायची समुद्राची छाती नाही."

असं म्हटलं खरं, पण तुझं 'थोडं पाणी' मला माहीत आहे. मी नऊ वर्षांचा असताना माझा दात पडला तेव्हाही 'थोडं रक्त' आलं होतं. खरं सांग, किती आलं?

मेरेतिताने इथल्या सोडतीत तुझं नाव घातलंय. नाव निघालं तर तुला इथे कायमचं राहता येईल. माझ्यावर ओरडू नकोस, माझ्या पोरीवर ओरड. ती म्हणते, आत्या एकटी आहे, घरापासून पाणी साठ पावलांवर आहे.

तिकिटं काढली. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पोचतो. आईच्या बाबाईबद्दल मी इथल्या सगळ्या आपल्या लोकांना सांगून ठेवलंय. तेवढी माझी अब्रू राख.

तुझा,
बाउरो

ओनोतोआ, २९ मार्च

बाउरो, मौरी!

साठ नाही, बावन्न पावलं. आणि माझं नाव सोडतीतून आजच्या आज काढून टाक. मला थंडीत पाठवून तुम्ही काय माझं लोणचं घालणार आहात?

खड्डा उत्तम आहे. पानं जराशी पिवळी आहेत, पण यंदा ऊनच विचित्र पडतंय. पाऊस नाही म्हणून मी विहिरीचं पाणी नेऊन घालते. व्यायाम होतो.

इकडे दोन विचित्र गोष्टी घडल्यात. एक, इताकाचं गाणं बंद झालंय. तुला आठवतं ना, सकाळ-संध्याकाळ माडी काढायला झाडावर चढला की कसा गळा काढून गायचा. चाळीस वर्षं मी त्या आवाजाला शिव्या घालत उठले. त्याचा माड आपल्या खड्ड्याच्या बरोबर वर आहे, तिथून तो आपल्या पानांवर नजर ठेवून असतो हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर खत घालताना मी चटई आडवी धरते. आता तो चढतो, माडी काढतो, खाली बघतो आणि मुकाट्याने उतरतो. सत्तरी ओलांडलेला माणूस गायचा थांबला की एकतर तब्येत बिघडलेली असते, नाहीतर डोक्यात काहीतरी शिजत असतं. तब्येत ठणठणीत आहे.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. त्याची धाकटी सून मला आपल्या त्या झाडाखाली पानं गोळा करताना दिसली. तुला माहीत आहे कुठलं झाड. नुसती पानं नाहीत, वाळलेली निवडून घेत होती, आणि बरोबर गंजलेला डबा! आईने खताची ती कृती मरताना माझ्या कानात सांगितली आणि तुझ्या कानात सांगितली, तिसऱ्या कानात नाही. मी सांगितलेली नाही. आता तू बोल.

रोतिया

ऑकलंड, २१ एप्रिल

ताई,

बसून वाच.

इताकाचा थोरला मुलगा तोरोमोन इथे माझ्याबरोबर बागेत फळं तोडायला असतो. त्यांच्याशी आपलं बोलणं नाही हे मला माहीत आहे. पण ताई, इथे आपली भाषा बोलणारा माणूस दिसला की पाय आपोआप तिकडे वळतात. एका रविवारी आम्ही जेवायला बसलो होतो. त्याच्या बायकोने डब्यातल्या नारळाच्या दुधात मासा शिजवला होता, त्याला आपल्याकडच्यासारखा वास येत होता, आणि माझं मन भरून आलं. आई आठवली, खड्डा आठवला. आणि मी सांगून टाकलं. सगळं. कुठली पानं, किती वाळवायची, डबा कुठे पुरायचा, सगळं.

मला माझीच लाज वाटते. त्यात तोरोमोनने काय करावं? तो हसला! मी आईचं गुपित त्याच्या ताटात वाढलं आणि तो खदाखदा हसत सुटला. मी तसाच उठून घरी आलो. दोन आठवडे त्याच्याशी बोललो नाही.

आता माझी शिक्षा तू ठरव. पण त्याआधी एक उत्तर दे. तोरोमोन म्हणतो, त्याचा बाप फोनवर सांगत होता की आपला खड्डा वरून बघवत नाही. पिवळा नाही, तपकिरी आहे म्हणे. ताई, तू मला खोटं लिहिलंस का?

तुझा गुन्हेगार भाऊ,
बाउरो

ओनोतोआ, १३ मे

बाउरो,

आईने तुला जन्म दिला तेव्हा तुझं तोंड आधी बाहेर आलं होतं असं ती सांगायची. ते तेव्हापासून उघडंच आहे. मासा! एका माशापायी! निदान कासव तरी असायचं.

एवढं लिहून मी दोन दिवस कागद बाजूला ठेवला. आता खरं लिहिते.

खड्डा गेला, बाउरो. फेब्रुवारीतच गेला. पाणी कमरेएवढं भरलं होतं आणि चार दिवस उतरलं नाही. मी साठ दिवस बादल्या वाहिल्या. मग लक्षात आलं की विहिरीचं पाणीसुद्धा मचूळ झालंय, मी मिठावर मीठच ओतत होते. परवा आईची ती मोठी बाबाई खणली. वरून कंद चांगला दिसत होता. हात घातला तर आत मऊ, आणि असा वास आला की मी तिथेच चिखलात बसून राहिले. आजूबाजूचे कोंबही सगळे कुजलेले. एकही नाही राहिला.

आईने तिच्या आईकडून घेतलेली जात माझ्या हातात मेली. हे तुला कसं लिहायचं म्हणून मी पिवळं-बिवळं लिहीत राहिले. मला फार वाईट वाटतं.

ऑगस्टला येऊ नका. आलात तर आपल्या खांबापाशी काय मांडू? तांदळाचं पोतं? गाव बोलणार नाही काही, गाव चांगलं आहे. पण सगळे बघतील.

इताका काल कुंपणापाशी आला होता. "रोतिया, जरा ऐक," म्हणाला. चाळीस वर्षांत पहिलं वाक्य. मी म्हटलं, "वरून बघितलंस तेवढं पुरे नाही झालं?" तो गेला.

रोतिया

ऑकलंड, ४ जून

ताई, माझी ताई,

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. मेरेतिताने विचारलं काय झालं, मी म्हटलं डोळ्यात काही गेलं. तू एकटीने साठ दिवस बादल्या वाहिल्यास आणि मी इथे केक खात होतो. खोटं लिहिलंस त्याचा राग नाही. मी तुझ्या जागी असतो तर अजून मोठं खोटं लिहिलं असतं.

आता ऐक. मी तोरोमोनकडे गेलो. भांडायला गेलो होतो. विचारलं, "हसलास का?" तो म्हणाला, "काका, चिडू नका. तुम्ही सांगितलंत ते आमचंच गुपित आहे. हीच पानं, हाच डबा. माझी आजी खत घालताना आम्हा सगळ्यांना समुद्रावर पिटाळायची." मग पुढच्या रविवारी चर्च सुटल्यावर आपल्याकडच्या अजून तीन घरांतल्या लोकांना एकेकट्याला बाजूला घेऊन शपथा घालून विचारलं. सगळ्यांचं तेच! ताई, अख्खं बेट शंभर वर्षं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवतंय. चटई आडवी धरून!

पण महत्त्वाचं पुढे आहे. तोरोमोन म्हणतो, त्याच्या बापाला तुला काहीतरी सांगायचंय आणि ते त्याच्या घशात अडकलंय. काय ते त्यालाही माहीत नाही. "बाबांनी गाणं थांबवलं ना, ते त्याच्यामुळेच," म्हणतो. ताई, एकदा ऐकून घे. शिव्या नंतर घाल, त्या काही नासत नाहीत.

तिकिटं परत करत नाही. तांदूळ तर तांदूळ.

बाउरो

ओनोतोआ, ३ जुलै

बाउरो, मौरी!

ऐकून घेतलं.

मी स्वतः गेले नाही, तेवढा मान मी सोडला नाही. माझ्या कुंपणाचं फाटक उघडं ठेवलं आणि बाहेर चटई टाकून माडाच्या झावळ्या विणत बसले. तासाभराने तो आला. हातात माडीची बाटली, ताजी, गोड. ती माझ्यासमोर ठेवली आणि उभाच राहिला.

मी म्हटलं, "बस. मान दुखायला लागली माझी."

तो बसला. म्हणाला, "तुझी आई मानेआबात उभी राहून म्हणाली होती, माझा कोंब चोरीला गेला."

"हो. आणि तुझ्या बायकोकडे बघत म्हणाली होती."

"बरोबर बघितलं होतं तिने," इताका म्हणाला. "बिरितानेच चोरला. टोपली मी धरली होती."

बाउरो, चाळीस वर्षं आपल्याला हे माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि समोर बसून कुणी सांगणं वेगळं. मी त्याला जे जे बोलले ते लिहीत नाही, हे पत्र तुझी पोरही वाचते. त्याच्या बापापर्यंत गेले, आजोबांपर्यंत गेले. तो मान खाली घालून ऐकत राहिला. माझा श्वास संपला तेव्हा म्हणाला, "झालं? मग चल."

"कुठे?"

"माझ्या मधल्या खड्ड्यावर."

त्यांचा एक खड्डा बेटाच्या अगदी मध्यावर आहे, चर्चच्या मागे, जिथे वाळूखालचा गोड्या पाण्याचा थर सगळ्यात जाड आहे. मी कधी तिकडे फिरकले नव्हते. भरती तिथपर्यंत पोचली नाही. मी काठावर उभी राहिले आणि खाली बघितलं. अकरा झाडं, बाउरो. माझ्या डोक्याच्या वर पानं. आणि प्रत्येक देठाच्या बुडाशी आपल्याच जातीची ती तांबडी रेघ.

मी काठावरच बसले आणि रडले. मग काय झालं कोण जाणे, हसू आलं ते थांबेना. आईने जिला चोर म्हटलं तिच्याच पोटात आईची बाबाई जिवंत राहिली. म्हणजे तिच्या खड्ड्यात. तुला कळलं ते.

इताका म्हणाला, "फेब्रुवारीत झाडावरून तुझा खड्डा बघितला आणि माझ्या तोंडून गाणंच फुटेना. तुझ्या आईची झाडं माझ्याकडे आहेत, हे तुला सांगायचं म्हणजे बिरिताचं नाव घ्यायचं. ती गेली बिचारी. तिच्या मागे कसं घेऊ?"

हीच आता अडचण आहे. मोठा कंद तो देतोय, ऑगस्टसाठी. पण आपल्या खांबापाशी मांडला की गाव विचारणार, तुमचा खड्डा तर मेला, हा आला कुठून? दुसऱ्याच्या खड्ड्यातली आपली म्हणून मांडायची तर ती मानेआबात खोटं बोलण्याची गोष्ट. खरं सांगावं तर मेलेल्या बाईची अब्रू जाते. मी काहीतरी ठरवलंय. लिहीत नाही. ये आणि बघ.

रोतिया

ऑकलंड, २४ जुलै

ताई,

येतोय असं लिहिणार होतो. येत नाही.

तुझं पत्र वाचून मी इतका आनंदलो की तोरोमोनला म्हटलं, पोरीच्या वाढदिवसाला इथेही आपण खरी माडी काढायची. आमच्या इथल्या बागेत, म्हणजे सरकारी बागेत, एक झाड आहे, माडासारखंच दिसतं. मी चढलो. निम्म्यावर जाऊन इताकासारखं गाणंही सुरू केलं. बागेचा रखवालदार आला आणि खालून ओरडू लागला. मी त्याला नमस्कार करायला एक हात सोडला.

पाय मोडलाय. गुडघ्याखाली. आठ आठवडे प्लास्टर. झाड माडाचं नव्हतंच, असं नंतर रखवालदाराने सांगितलं. दवाखान्यात त्यांनी वय विचारलं, मी अठ्ठावन्न म्हटलं, तर नर्सने दोनदा विचारलं.

मेरेतिता पोरीला घेऊन येते आहे. मी नसलो तरी पोरीला मानेआबात आपल्या खांबापाशी बसव, आणि काय काय झालं ते मला शब्दन् शब्द लिही. कुठलंही 'थोडं' नको.

बाउरो

ओनोतोआ, २६ ऑगस्ट

बाउरो, मौरी!

विमानातून मेरेतिता उतरली, पोर उतरली, आणि मी तुझी वाट बघत उभी. मग मेरेतिता म्हणाली, "आत्या, बाबा झाडावरून पडले, तुम्हाला पत्र नाही मिळालं?" तुझं पत्र त्याच विमानात होतं! विमानतळावर माझ्याभोवती जे होते ते सगळे हसत सुटले. म्हणजे तू पडलास हे मला आणि गावाला एकाच वेळी कळलं.

पोर गोड आहे. कान आपल्या आईचे. येताच तिने इताकाचं नाक धरलं आणि सोडेना.

आता मानेआबाचं. शब्दन् शब्द.

सगळी घरं आपापल्या खांबापाशी बसली. आपल्या खांबापाशी कंद मांडला, केळीच्या पानावर. मेरेतिताला तो एकटीला उचलवला नाही. सगळ्यांच्या नजरा तिकडे. मी उठले आणि म्हणाले, "माझा खड्डा समुद्राने नेला, हे तुम्हाला माहीत आहे. ही बाबाई माझ्या आईची आहे. चाळीस वर्षांपूर्वी आम्ही एक कोंब बिरिताकडे सांभाळायला दिला होता. तिने सांभाळला. तिचे आभार."

चांगलं बोलले होते. आवाजही कापला नाही. तेवढ्यात मागून ती बहिरी म्हातारी, नेई काइरा, तिला वाटलं ती कुजबुजतेय, पण ओरडून म्हणाली, "अगं, सांभाळायला कसला? हिची आई इथेच उभी राहून चोरी चोरी म्हणून नाचली होती की!"

मी काही बोलणार, तर इताका उठला. "चोरीच होती," म्हणाला. "बिरिताने उपटला, टोपली मी धरली. आणि रोतिया आज माझ्या बायकोसाठी खोटं बोलली. तिला बोलू देऊ नका."

मग सगळ्यात ज्येष्ठ आबा, चटईवर आडवे होते ते, कुशीवर वळले आणि म्हणाले, "मग? बाकीच्यांनी काय देवाकडून आणल्या? माझी काळी बाबाई इताकाच्या बापाची आहे. मी एकवीस वर्षांचा होतो."

इताका म्हणाला, "काळी? आमची काळी तर मेली यंदा!"

"माझी नाही मेली," आबा म्हणाले. "ये आणि घेऊन जा."

त्यानंतर जे सुरू झालं, बाउरो! एकेक जण उठतोय आणि कुणाचं काय चोरलं ते सांगतोय. बायका नवऱ्यांना ढोसतायत, "ते पण सांगा, ते लांब पानाचं पण सांगा!" जेवण गार झालं. पोर माझ्या मांडीवर झोपली. जेवल्यावर सगळं गाव टोपल्या घेऊन खड्ड्या-खड्ड्यांवरून फिरलं. नऊ घरांचे खड्डे समुद्राने मारलेत. त्यातल्या आठ घरांना आपापली जात कुणा ना कुणा चोराकडे जिवंत सापडली.

नववं घर तेइवाकीचं, उजव्या पायाचा अंगठा गेलेला तो. त्याचं कुंपण गावात सगळ्यात पक्कं, चारी बाजूंनी, वर शिंपले लावलेले. त्याच्याकडून कधीच कुणाला काही चोरता आलं नाही. त्याची जात कुठेच नव्हती. तो टोपली घेऊन सगळ्यांबरोबर शेवटच्या खड्ड्यापर्यंत आला, रिकामी टोपली घेऊन घरी गेला. मी त्याला म्हटलं, आमच्यातला एक कोंब घे. तो म्हणाला, "आम्ही कुणाचं घेत नाही." मला त्याचं फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इताका झाडावर चढला आणि गायला. आवाज पूर्वीसारखाच भयंकर आहे.

रोतिया

ऑकलंड, १९ सप्टेंबर

ताई,

प्लास्टरवर तुझं पत्र ठेवून वाचलं. शेजारच्या बाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "पण हे बेकायदेशीर आहे ना?" मी म्हटलं, "हो, आणि फार उपयोगी."

एक विचारतो, चिडू नकोस. आज इताकाचा मधला खड्डा गोड आहे. उद्या समुद्र मध्यापर्यंत आला तर? मेरेतिता परतल्यापासून रोज हेच विचारते. तुझं नाव सोडतीत ठेवू की काढू?

बाउरो

ओनोतोआ, १५ ऑक्टोबर

बाउरो, मौरी!

चिडले नाही. नाव राहू दे. मी काही समुद्राशी पैज लावून बसलेली नाही. भीती मलाही वाटते. इताका रोज सकाळी मधल्या खड्ड्यातलं पाणी जिभेवर घेऊन बघतो आणि मला झाडावरून ओरडून सांगतो, "आज गोड!" रोज ते ऐकेपर्यंत मी चहा पीत नाही. नाव निघालं तर निघालं, तेव्हा बघू. पण त्याआधी आईची बाबाई जास्तीत जास्त खड्ड्यांत गेली पाहिजे. एकाच ठिकाणी ठेवायची चूक आपल्या घराने आता पुन्हा करायची नाही.

म्हणून मी कुंपण काढून टाकलं. दोन कोंब इताकाच्या मधल्या खड्ड्याच्या कोपऱ्यात ठेवले, आणि तीन आपल्या अंगणात तुझ्या जुन्या होडीत, माती आणि खत भरून, चार दगडांवर उंच. सगळ्यांना दिसतील असे. आणि काय सांगू, कुणी चोरेना! मागा म्हटलं तर लाजतात, देते म्हटलं तर मान मधे येतो. चोरायला मोकळं ठेवलं तर ज्याला त्याला प्रामाणिकपणा सुचलाय. मी चर्चमध्ये मोठ्याने म्हणायचे, "रविवारी मी पूर्ण सकाळ इथेच असते हं! घरी कुणीसुद्धा नसतं!" इताका म्हणाला, "रोतिया, जरा हळू. चोरांनाही अब्रू असते."

गेल्या रविवारी तेइवाकी चर्चला आला नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मी पुढच्या बाकावर बसून होते, मागे वळून बघितलं नाही, पण एकही गाणं मला धड म्हणता आलं नाही. घरी आले ती थेट होडीपाशी. दोनच कोंब. तिसऱ्याच्या जागेवर माती हाताने नीट दाबून सपाट केलेली, वर एक पान ओलं करून ठेवलेलं, शेजारच्या मुळांना ऊन लागू नये म्हणून. आणि वाळूत पावलं, उजव्या पायाला अंगठा नसलेली.

मी तिथेच उभी राहून थोडी रडले आणि मग ती पावलं झाडूने पुसून टाकली. तू हे फोनवर कुणाला बोलू नकोस, तोरोमोनलाही नाही. बिचाऱ्याची पहिलीच चोरी आहे.

तुझी ताई,
रोतिया